दोन धोंडे, तीन खडक

होमरच्या ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात डोळा फुटलेला पॉलिफीमस पळून जाणाऱ्या ओडिसियसच्या जहाजावर किती धोंडे फेकतो? हे काव्य आम्ही विद्यार्थी म्हणून वाचले, पुढे काही वर्षे अनुवादातून शिकवलेही. पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. तो पडला सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर, आची त्रेत्सा नावाच्या मच्छीमारांच्या गावी, धक्क्यावर उभे राहून समोरच्या समुद्रातले काळे सुळके मोजताना.

संहितेत धोंडे दोन आहेत. ओडिसियस पहिल्यांदा डिवचतो तेव्हा पॉलिफीमस एका डोंगराचे शिखर उपटून भिरकावतो. ते जहाजाच्या पुढ्यात पडते आणि उसळलेली लाट जहाजाला परत किनाऱ्याकडे लोटते. सोबती गयावया करीत असतानाही ओडिसियस पुन्हा ओरडतो, आणि या वेळी आपले खरे नाव, बापाचे नाव, गाव सगळे सांगून टाकतो. पॉलिफीमस आपल्या पित्याची, समुद्रदेव पोसायडनची, प्रार्थना करतो आणि पहिल्याहून मोठा धोंडा फेकतो. तो जहाजाच्या मागे पडतो व त्याच्या लाटेने जहाज पुढे सुटते. आची त्रेत्साच्या समोर मात्र ठळक सुळके तीन आहेत. शेजारी लाकेआ नावाचे एक बेट आणि आजूबाजूला लहानसहान खडक. नावाड्यांपासून माहितीपत्रकांपर्यंत सगळे एकमुखाने सांगतात की पॉलिफीमसने फेकलेले धोंडे ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीनेही आपल्या निसर्गविषयक बृहद्ग्रंथात ‘सायक्लॉप्सचे तीन खडक’ अशी त्यांची नोंद केली आहे. म्हणजे दोहोंचे तीन होऊन निदान एकोणीसशे वर्षे झाली, आणि या हिशेबाबद्दल कोणाची तक्रार दिसत नाही.

या फरकाला हसून पुढे जाता येते. आम्हाला ते जमले नाही. खडकाला कथा चिकटते तेव्हा ती कोण चिकटवतो आणि कोठे उभा राहून चिकटवतो, हा प्रश्न या तीन सुळक्यांसमोर टाळता येत नाही. जहाजावरून पाहणाऱ्याला हा किनारा एक दिसतो, किनाऱ्यावर राहणाऱ्याला दुसरा. या दोन दृष्टींची ओढाताण म्हणजेच या खडकांचा वाङ्मयीन इतिहास, असे आम्हाला वाटू लागले आहे.

आधी जागा पाहू. कातानिया शहरापासून उत्तरेला थोड्याच अंतरावर हे गाव आहे. पाठीशी एटना पर्वत, समोर आयोनियन समुद्र. पुळण जवळजवळ नाहीच. लाव्हा थिजून झालेले काळे खडप थेट पाण्यात उतरते, आणि खडपाच्या दोन बाहूंमध्ये जेथे जेथे पाणी आत शिरले आहे तेथे होडी ओढून घेण्यापुरती चिंचोळी घळ किंवा चिमुकले बंदर तयार झाले आहे. कोकणात ज्याने खडपावरून अनवाणी चालण्याचा अनुभव घेतला आहे त्याला हा किनारा पायांनी ओळखता येईल. समुद्रातल्या सुळक्यांना इटलीत फाराल्योनी म्हणतात. काप्री बेटाजवळचे सुळके याच नावाने अधिक प्रसिद्ध आहेत, पण ते चुनखडीचे. आची त्रेत्साचे फाराल्योनी बसॉल्टचे आहेत. होडीतून जवळ गेले की दिसते की हा खडक एकसंध नाही. कडा असलेले उभे खांब एकमेकांना चिकटवून त्यांची मोळी बांधावी तशी त्याची रचना आहे. काही ठिकाणी खांब उभे, काही ठिकाणी तिरपे, आणि लाकेआ बेटाच्या माथ्यावर व मोठ्या सुळक्यावर या काळ्या खांबांवर फिकट मातीची टोपी.

ही टोपीच खरे पाहता सगळ्या गोष्टीचा उलगडा करते. सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी, आज दिसतो तो एटना उभा राहण्याच्या पुष्कळ आधी, येथे समुद्रतळावर मातीचे जाड थर होते. खालून वर येणारा शिलारस या थरांत घुसला, पण बहुतेक ठिकाणी त्यांना फोडून बाहेर पडू शकला नाही. मातीच्या पोटातच तो सावकाश निवला, आकसला, आणि आकसताना त्याला नियमित भेगा पडून खांब तयार झाले. पुढे सारा तळ वर उचलला गेला, लाटांनी मऊ माती धुऊन नेली आणि कठीण तेवढे उरले. शेजारच्या आची कास्तेल्लो येथे हाच शिलारस समुद्रतळावर बाहेर आला व पाण्यात निवून उशांसारख्या गोलाकार लोळ्यांचा ढीग झाला. त्या उशांच्या कड्यावर आज नॉर्मन काळातला काळा किल्ला उभा आहे.

भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल १८२८ साली सिसिलीत फिरला. त्याच्या ‘भूशास्त्राची तत्त्वे’ या ग्रंथाच्या १८३३ सालच्या तिसऱ्या खंडात त्रेत्साच्या उपसागरातील सायक्लॉप्सच्या बेटाचे चित्रही आहे. माथ्यावर समुद्रतळाची माती आणि तिच्यात खालून घुसलेला बसॉल्ट, ही त्याची नोंद साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. कथेत हे खडक वरून खाली आले आहेत; लायलच्या वाचनात ते खालून वर आले. दोन्ही वाचने एकाच दगडाची. याच खडकांच्या पोकळ्यांत सापडलेल्या एका स्फटिकाला फ्रेंच खनिजतज्ज्ञ हॉय याने १७९७ साली ‘अ‍ॅनाल्साइम’ असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘दुबळा’, कारण घासल्यावर त्यात अगदी क्षीण विद्युत्भार येतो. राक्षसाने फेकलेल्या धोंड्यात दुबळा स्फटिक निघावा, हा योगायोग कोणा कवीने उचलला असल्यास आमच्या वाचनात नाही. महाराष्ट्रातील वाचकाला ही शिला तशी परकी नाही: अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच प्रकारच्या खांबांची आहे, वयाने मात्र शंभरपटींहून थोर, आणि पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील खाणींतून निघणारे झिओलाइटचे स्फटिक अ‍ॅनाल्साइमच्याच गोतातले.

आता होमर येथे कसा आला ते पाहू. स्वतः होमर काही सांगत नाही. मालेआच्या भूशिरापासून नऊ दिवस वाऱ्याने भरकटल्यावर कमळभक्ष्यांचा देश, आणि तेथून पुढे सायक्लॉप्सचा, एवढाच पत्ता. सिसिलीचे नाव या प्रसंगात नाही. एटनासारख्या ज्वालामुखीचाही पत्ता नाही, आणि तो शेजारी असता तर कथनात चतुर असलेला ओडिसियस त्याच्याविषयी गप्प बसला नसता. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘ओडिसी’ला सिसिलीची माणसे ठाऊक आहेत, आणि ती माणसेच आहेत. विसाव्या सर्गात पेनेलोपीचे मागणीदार आगंतुकांना जहाजात घालून सिकेल लोकांकडे विकून टाकण्याची भाषा करतात. चोविसाव्या सर्गात म्हाताऱ्या लेअर्टिसची सेवा करणारी वृद्धा सिकेल आहे. गुलामांचा व्यापार करणारे आणि म्हाताऱ्याला जेवू घालणारे हे लोक एकाक्ष नरभक्षक होते, असे होमरने कोठेही सुचवलेले नाही.

सुचवले ते नंतरच्यांनी. इसवी सनपूर्व ७३४ च्या सुमारास ग्रीकांनी या किनाऱ्यावर नाक्सोस वसवले, पाच वर्षांनी काताने, म्हणजे आजचे कातानिया. वसाहतकार आपल्याबरोबर देव आणतात, बियाणे आणतात आणि कथाही आणतात. नव्या किनाऱ्यावरील अनोळखी खडकांना ओळखीच्या कथेत बसवले की जागा आपली वाटू लागते. आपल्याकडे याला स्थलपुराण म्हणतात. नाशिकची बौद्ध लेणी पांडवलेणी झाली तेव्हा नेमके हेच घडले; ती कोरणाऱ्यांची व कोरवून घेणाऱ्यांची नावे भिंतीवरच्या लेखांत होती, पण लिपी वाचता येईनाशी झाल्यावर डोंगर महाभारताच्या स्वाधीन झाला. पाचव्या शतकात युरिपिडिसने आपले ‘सायक्लॉप्स’ हे नाटक एटनाच्या पायथ्याशीच घडवले आहे. त्याच शतकात थ्युसिडिडीझ सिसिलीचा इतिहास सांगताना, तेथील सर्वांत जुने रहिवासी सायक्लॉप्स असल्याचे सांगितले जाते, अशी नोंद करतो, आणि लगेच हात झटकतो: त्यांचे कूळ, त्यांचे येणे, त्यांचे जाणे आपल्याला सांगता येत नाही, कवींनी सांगितले त्यावर ज्याने त्याने भागवावे. इतिहासकाराच्या या कोरडेपणाचे आम्हाला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

त्याहून तिखट बोल एराटोस्थेनिसचा. ज्या चांभाराने वाऱ्यांची पिशवी शिवली तो सापडला की ओडिसियस कोठे कोठे भटकला तेही सापडेल, अशा अर्थाचे त्याचे विधान स्ट्रेबोने नोंदवून ठेवले आहे. तरी शोध थांबला नाही. सॅम्युएल बटलरने १८९७ साली, ‘ओडिसी’ एका सिसिलियन तरुणीने लिहिली असे प्रतिपादन करणाऱ्या आपल्या पुस्तकात, पॉलिफीमसला बेटाच्या पश्चिम टोकाला, त्रापानीजवळ नेले. फ्रेंच अभ्यासक व्हिक्टर बेरारने त्याला नेपल्सजवळ बसवले. ओथेनियो आबेल या पुराजीवशास्त्रज्ञाने १९१४ साली असे सुचवले की सिसिलीच्या गुहांत सापडणाऱ्या खुजा हत्तींच्या कवटीतील सोंडेचे भोक लोकांना एकमेव डोळ्याची खोबण वाटले असावे. कल्पना मोहक आहे. वर्गात सांगितली की मागच्या बाकावरची मुलेही जागी होतात. ती सिद्ध कशी करायची हा प्रश्न वेगळा.

शेजारच्या बेटाच्या नावाची कथा यापेक्षा अधिक उद्बोधक आहे. सायक्लॉप्सच्या भूमीसमोर एक निर्जन, रानशेळ्यांनी भरलेले बेट असल्याचे होमर सांगतो, आणि त्याला एक विशेषण लावतो: ‘लाखेइआ’. या शब्दाचा नेमका अर्थ प्राचीन पंडितांनाही लागत नव्हता. कोणी ‘एलाखेइआ’, म्हणजे ‘लहानसे’, असे वाचले. कोणी ‘सुपीक मातीचे’ असा अर्थ काढला. आची त्रेत्सासमोरच्या बेटाचे लाकेआ हे नाव याच शब्दावरून आले असे मानतात. म्हणजे एक शंकास्पद पाठ, ज्याच्यावर टीकाकार शतकानुशतके खल करीत राहिले, तो समुद्रात जाऊन बेट होऊन बसला. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे बेट कातानिया विद्यापीठाकडे आले. होमरच्या रानशेळ्या तेथे नाहीत. गळ्यावर तांबूस डाग असलेल्या एका सरड्याचा, फक्त येथे व मोठ्या सुळक्यावर आढळणारा, प्रकार मात्र आहे, आणि शास्त्रज्ञांनी त्याच्याही नावात सायक्लॉप्स घातला आहे.

ज्या बंदरात ओडिसियसने जहाज लावले त्याचेही असेच. होमरचे बंदर इतके निवाऱ्याचे की नांगर टाकायला नको, दोर बांधायला नको. व्हर्जिलच्या महाकाव्यात ट्रोजन लोक एटनाच्या कुशीतल्या अशाच एका शांत बंदरात येतात. तेथे त्यांना ओडिसियसने मागे सोडलेला एक फाटका ग्रीक भेटतो, आंधळा पॉलिफीमस समुद्रात उतरून त्यांचा कानोसा घेतो आणि आरोळी ठोकतो, पण दगड फेकीत नाही. प्लिनी खडकांच्या लगेच पुढे ‘युलिसिसचे बंदर’ नोंदवतो. आज ते कोठे दाखवायचे? एटनाने हा किनारा पुन्हा पुन्हा लिहिला आहे. १६६९ सालच्या उद्रेकात लाव्हा कातानियाच्या तटाला भिडून समुद्रात उतरला, आणि तोवर समुद्रालगत असलेला उर्सिनो किल्ला जमिनीत अडकून बसला. तो आजही तसाच आत आहे. अशा किनाऱ्यावर तीन हजार वर्षांपूर्वीची घळ शोधणे म्हणजे पुसून पुन्हा लिहिलेल्या पाटीवर पहिले अक्षर शोधणे.

तेव्हा स्थळनिश्चितीचा नाद सोडून आपण कथेकडे वळू. नवव्या सर्गातील सायक्लॉप्सचे वर्णन पुन्हा वाचावे. त्यांना नांगर ठाऊक नाही, सभा ठाऊक नाही, कायदा नाही, जहाजे नाहीत. समोरच्या बेटावरची माती कसदार आहे, कुरणे ओली आहेत, द्राक्षे येतील, बंदर उत्तम आहे. यांच्याकडे जहाजे बांधणारे कारागीर असते तर त्यांनी ते बेट केव्हाच वसवले असते. ही नजर कोणाची आहे? भुकेल्या खलाशाची तर नक्कीच नव्हे. ही जमीन हेरणाऱ्याची नजर आहे, आणि ग्रीक वसाहतींच्या काळाशी तिचे नाते अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. अशी कथा एका प्रत्यक्ष किनाऱ्यावर आणून टेकवली, की त्या किनाऱ्यावर आधीपासून राहणारे आपोआप कथेतल्या राक्षसाच्या जागी जाऊन बसतात. खडक म्हणजे मग त्यांच्या रानटीपणाचा पुरावा. ‘बघा, अजून पडले आहेत.’

होमरवर मात्र अन्याय करायला नको. आंधळा पॉलिफीमस आपल्या लाडक्या मेंढ्याला, तू नेहमी पुढे असतोस, आज शेवटी का, असे विचारतो तो प्रसंग त्यानेच रचला आहे. मेंढ्याच्या पोटाखाली ओडिसियस लोंबकळतो आहे हे आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते. त्या क्षणी वाचक किनाऱ्यावर असतो.

हा क्षण उचलून धरला तो सिराक्यूजच्या थिओक्रिटसने. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातल्या या कवीचा जन्म सिसिलीचा, आणि तो पॉलिफीमसला सरळ ‘आमच्याकडचा’ म्हणतो. त्याचा पॉलिफीमस नुकती मिसरूड फुटू लागलेला तरुण आहे, गॅलाटीया या सागरकन्येवर जीव जडलेला. मेंढ्या आपल्या आपण घरी जातात, आणि हा समुद्रासमोरच्या उंच खडकावर बसून गातो. आपल्याजवळच्या दुधाचिजाची तो बढाई मारतो, आपल्या एकाच भुवईची लाजही त्याला वाटते. आणि मग म्हणतो, कोणी परका जहाज घेऊन इकडे आला तर त्याच्याकडून मी पोहायला शिकेन. परका येणार आहे, आणि काय शिकवणार आहे, ते वाचकाला पक्के ठाऊक आहे. एवढ्या अलगद हाताने केलेला उपरोध आम्हाला अभिजात वाङ्मयात फारसा आढळलेला नाही. येथे खडक हे हत्यार नाही, बसण्याची जागा आहे. जहाज क्षितिजावर दिसण्यापूर्वीचा हा किनारा.

ओव्हिडने पुन्हा दगड हातात दिला. त्याच्या ‘रूपांतरां’च्या तेराव्या सर्गात गॅलाटीयाचा प्रियकर आकिस याला पॉलिफीमस डोंगराचा तुकडा फेकून चिरडतो आणि आकिसच्या रक्ताची नदी होते. आची त्रेत्सा, आची कास्तेल्लो, आचिरेआले, आची कातेना या गावांच्या नावातला ‘आची’ तो हाच, अशी परंपरा आहे. या कथेवर पुढे स्पॅनिश कवी गोंगोराने काव्य केले, हेंडेलने संगीतिका रचली. युरोपभर ती गाजली. त्या सगळ्या गजबजाटात आची त्रेत्साच्या होड्या रोज पहाटे याच सुळक्यांमधून बाहेर जात होत्या, आणि त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिलेले नव्हते.

ते लिहिले जोव्हान्नी वेर्गाने. वेर्गा कातानियाचा, जन्म १८४० चा, सुखवस्तू घरातला; कादंबरीकार म्हणून नाव कमावले ते फ्लॉरेन्स-मिलानमध्ये, शहरी प्रेमकथा लिहून. १८८० सालच्या त्याच्या कथासंग्रहात ‘फान्तास्तिकेरिया’ नावाची एक पत्रवजा कथा आहे. आगगाडीच्या खिडकीतून आची त्रेत्सा दिसते तेव्हा एक उच्चभ्रू बाई उद्गारते की येथे महिनाभर राहायला आवडेल. पुढे ती निवेदकासह खरोखर येते, आणि अठ्ठेचाळीस तासांत कंटाळते. एका पहाटे दोघे सुळक्याच्या माथ्यावर असतात. खाली काठावर घरे अंग चोरून झोपलेली, आणि आकाशावर उमटलेली बाईंची सुबक आकृती, जिच्यात शिंपिणीच्या कौशल्याचाही वाटा आहे, हे सांगायला निवेदक विसरत नाही. माणसे येथे जन्मभर कशी राहतात ते कळत नाही, असे म्हणून बाई निघून जातात. निवेदकाचे पत्र म्हणजे त्यावरचे उत्तर.

या उत्तरात वेर्गाची प्रसिद्ध ‘कालवाचा आदर्श’ ही कल्पना येते. दैवाने ज्या खडकावर टाकले त्यालाच घट्ट धरून राहण्याची गरिबांची चिकाटी. कोकणात ओहोटीच्या वेळी खडपावरची कालवे काढणाऱ्या बायका पाहिलेल्या माणसाला ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. लोखंडाच्या घावाशिवाय ते कवच सुटत नाही आणि सुटले की जीव उरत नाही. वेर्गा म्हणतो तेही असेच: त्यांच्यातला एखादा दुबळा किंवा धाडसी जीव अज्ञाताच्या ओढीने सुटला, की जग खादाड माशासारखे त्याला गिळते, आणि त्याच्याबरोबर त्याच्या माणसांनाही. लक्षात घ्यावे की खडक तोच आहे. निवेदक स्वतः बाईंबरोबर त्याच्या माथ्यावर होता, आणि आता पत्रात तो हळूहळू पायथ्याशी, कालवांच्या पातळीवर उतरतो आहे. थिओक्रिटसनंतर इतक्या उघडपणे किनाऱ्याची बाजू घेणारा दुसरा लेखक या खडकांना तोवर मिळाला नव्हता.

एका वर्षाने, १८८१ मध्ये, ‘मालावोल्या कुटुंब’ ही त्याची कादंबरी आली. लुपिन नावाच्या कडधान्याची उधारीवर घेतलेली खेप, वादळात सापडलेली ‘प्रोव्हिदेन्त्सा’ नावाची होडी, बुडालेला कर्ता मुलगा, कर्जापायी गेलेले घर. एक नातू १८६६ च्या लिस्साच्या आरमारी लढाईत मरतो, थोरला नातू न्तोनी तुरुंगात जातो. कथानक एवढेच. नवल आहे ते निवेदनाचे. वेर्गाने सिसिलियन बोली जशीच्या तशी वापरली नाही; इटालियन ठेवली, पण तिच्या वाक्यांना बोलीचे वळण दिले आणि निवेदकाचा अधिकार गावाच्या कुजबुजीकडे सोपवला. कोण बोलते आहे हे पुष्कळदा कळत नाही. सारे गावच बोलत असते, निंदा करते, म्हणी फेकते, हिशेब मांडते. या गावाला समोरच्या सुळक्यांत राक्षस दिसत नाही. त्याला वादळ होणार का, होड्या परतल्या का, हे दिसते. सुळक्यांभोवती समुद्र घोरतो, गुरगुरतो, आणि त्या आवाजावरून आज पोट भरेल की नाही ते ठरते. शेवटी तुरुंगातून परतलेला न्तोनी एक रात्र घरी थांबतो आणि उजाडण्यापूर्वी कायमचा निघून जातो, तेव्हाही खाली सुळक्यांमध्ये समुद्राची तीच जुनी कुरकुर चालू असते. हा निघून जाणारा माणूस ओडिसियसच्या अगदी उलट्या वाटेने चालला आहे. त्याला घर सापडले आहे आणि तेथे राहण्याचा अधिकार मात्र उरलेला नाही.

कादंबरी प्रथम वाचली तेव्हा आम्हाला ती नीरस वाटली होती, हे कबूल करायला हवे. खडक पाहिल्यावर ती पुन्हा वाचली. खडकांचे वर्णन किती थोडे आहे ते तेव्हा ध्यानात आले. रोज ज्यांच्यामधून होडी न्यायची त्यांचे वर्णन कोण करीत बसतो?

लुकिनो व्हिस्कोंतीचा ‘ला तेर्रा त्रेमा’, म्हणजे ‘धरती कापते’, हा १९४८ चा चित्रपट याच कादंबरीवरून निघाला. मिलानच्या सरदार घराण्यातला हा दिग्दर्शक आची त्रेत्सात आला, गावातल्याच मच्छीमारांना घेऊन त्यांच्याच बोलीत त्याने चित्रण केले, आणि मूळ कथेतले दैव बाजूला सारून तेथे माशांचे घाऊक व्यापारी आणले. सिसिलीत इटालियन ही गरिबांची भाषा नाही, अशा आशयाचा मजकूर आरंभीच पडद्यावर येतो. पण बोली इतर इटालियन प्रेक्षकांना कळेना, म्हणून वरून इटालियन निवेदन घालावे लागले. किनाऱ्याचा आवाज प्रथमच जसाच्या तसा ऐकू आला, आणि त्यावर समजावून सांगणारा एक आवाज जहाजावरून आलाच. यात व्हिस्कोंतीचा दोष काढण्यात अर्थ नाही. जे लिहितात, शिकवतात, त्या सर्वांची गत हीच आहे. आमचीही.

आज गावात मेडलरच्या झाडाच्या घराचे छोटे संग्रहालय आहे. कादंबरीतल्या घराची आठवण म्हणून ते मांडलेले आहे, आणि चित्रपटाची छायाचित्रेही तेथे आहेत. लाकेआ आणि फाराल्योनी यांच्या भोवतालचा समुद्र १९८९ पासून संरक्षित क्षेत्र आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वेर्गाने बोलते केले ते नावाडी आता पाहुण्यांना होडीतून सुळक्यांभोवती फिरवतात आणि होमर सांगतात. आम्ही ज्याच्या होडीत बसलो त्यालाही आम्ही विचारले की संहितेत धोंडे दोनच आहेत, मग हे तीन कसे. त्याने वल्हे थांबवून आमच्याकडे पाहिले आणि सांगितले की आंधळ्या माणसाने किती फेकले ते जहाजावरच्यांना कसे कळणार. ते तर पळत होते.

या गावाचे स्वतःचे असेही एक नाट्य आहे, आणि त्यात ना सायक्लॉप्स आहे ना ओडिसियस. दर वर्षी २४ जूनला, सेंट जॉनच्या उत्सवात, बंदरातच ‘उ पिशी आ मारी’, म्हणजे ‘समुद्रातला मासा’, नावाचे सोंग होते. आम्ही गेलो तो महिना वेगळा होता, त्यामुळे ते चित्रफितीवरच पाहता आले. गावातला एक पोहणारा तलवारमासा होतो. उंचावर उभा असलेला मच्छीमारांचा म्होरक्या हातवारे करीत, ओरडत मासा कोठे आहे ते सांगतो. या म्होरक्याला तेथे ‘राइस’ म्हणतात; अरबांच्या राजवटीत सिसिलीत राहून गेलेला हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत ‘रईस’ होऊन आला आहे, फक्त आपल्याकडे त्याने समुद्र सोडला. होडीतले लोक माशाला पकडतात, वर ओढतात, कापल्याचा अभिनय करतात, पाणी लाल होते. आणि मासा निसटतो. पुन्हा पकडतात, पुन्हा निसटतो. शेवटी तो सुटतो तो सुटतोच. होडी उलटते, सगळे पाण्यात पडतात, धक्क्यावरचे लोक हसत ओरडत असतात, आणि मासा झालेला माणूस पोहत काठाला येतो.